पुंजके सतरा, सुटे नऊ

शिंगाडे सरांच्या प्रयोगशाळेत ‘थर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखाद्या नव्या विद्यार्थ्याने ‘सर, चांदीचा थर किती जाड झाला?’ असे विचारले की सर हातातले काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि दाराकडे बोट दाखवत. ‘बाहेर जा. दार लावा. पुन्हा दार वाजवून या आन् नीट विचारा.’ विद्यार्थी बाहेर जाई, परत येई, आणि बहुधा पुन्हा ‘थर’च म्हणे, कारण दुसरा शब्द त्याला ठाऊकच नसे. मी स्वतः पहिल्या दिवशी तीनदा दार वाजवले. चौथ्यांदा आत आले तेव्हा सरांना दया आली असावी.

‘कुलकर्णीबाई,’ ते म्हणाले, ‘थर दहीहंडीला आसतात. ही वस्ती हाये. वस्ती किती भरली, आसं विचारायचं.’

ही वस्ती म्हणजे काय, ते सांगायला हवे. मुशीत चांदी तापवायची. तिची वाफ थंड वायूत सोडायची. वाफेतले अणू तिथे एकमेकांना धरतात आणि शेकडो-हजारो अणूंचे पुंजके तयार होतात. हे पुंजके निर्वात नळीतून पुढे न्यायचे आणि ग्रॅफाइटच्या तुकड्यावर उतरवायचे. पुंजका वेगाने आपटला तर फुटतो, पसरतो, खाली रुततो. अलगद उतरला तर वायूत जसा घडला तसाच राहतो. इतकेच नव्हे, ग्रॅफाइटच्या गुळगुळीत पाठीवर तो अख्खाच्या अख्खा घसरत फिरतो आणि दुसऱ्या पुंजक्याला भिडला की थांबतो. असे भिडत भिडत फांद्या फुटलेली बेटे तयार होतात; बेटांच्या या पसाऱ्याला आम्ही ‘फिल्म’ म्हणत असू. त्या बेटांची संख्या, त्यांचा आकार, त्यांच्यामधल्या पोकळ्या यांचा अभ्यास हा माझ्या प्रबंधाचा विषय होता आणि सरांच्या आयुष्याचाही. फरक एवढाच, की मला तो चार वर्षांत संपवून देशाबाहेर जायचे होते.

सरांचा ठरलेला प्रश्न एकच असे: ‘उतरलं, का बसलं?’ तो ते चांदीबद्दल विचारत, वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलींना विचारत, बदलून आलेल्या लिपिकाला विचारत. विभागात एक नवविवाहित अधिव्याख्यात्या रुजू झाल्या, तेव्हा सरांनी भर चहाच्या वेळी विचारले, ‘काय मॅडम, सासरी उतरलात, का बसलात?’ बाईंनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली. सरांना तक्रारीचे कारणच कळले नाही. पाच-सहा प्राध्यापक बैठकीला एकत्र आत शिरले की ते अगदी मनापासून म्हणत, ‘या, या. न फुटता आलात!’

देशपांडे सरांच्या मुलाच्या मुंजीची गोष्ट आमच्या विभागात अजून सांगितली जाते. मंगल कार्यालयात मोठी सतरंजी अंथरलेली होती. शिंगाडे सर आले ते खांबाला टेकून उभे राहिले, आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काही तरी लिहू लागले. माणसे येत होती, बसत होती. तास झाला तरी सर उभेच.

‘सर, बसा ना,’ देशपांडे म्हणाले.

‘थांबा हो. आजून फिल्म व्हायलीय.’

ते पाहत होते ते असे: एकटा आलेला पाहुणा सतरंजीवर जागा बदलत राहतो आणि ओळखीचे कोणी दिसले की तिथे चिकटतो. कुटुंबाने आलेले मात्र फुटत नाहीत. सगळे मिळून थोडे सरकतात, आणि कुटुंब जितके मोठे तितके कमी सरकतात. त्यामुळे मध्ये रिकाम्या जागा राहतात, त्या शेवटपर्यंत भरत नाहीत. इतक्यात स्वयंपाक्याचा माणूस आला. हातात कागद घेऊन डोकी मोजणारा गृहस्थ म्हणजे यजमानांकडचा जबाबदार माणूस, अशी त्याची समजूत झाली.

‘साहेब, पहिल्या पंगतीला किती धरू?’

‘पुंजके सतरा, सुटे नऊ,’ सर कागदावरून नजर न काढता म्हणाले.

स्वयंपाक्याने त्यांची बेरीज केली आणि सव्वीस पाने मांडली. पंगतीला शंभरावर माणसे होती. देशपांडे सरांच्या घरातून शिंगाडे सरांना त्यानंतर निमंत्रण गेले नाही.

सर चिकलठाण्याच्या मागे, गुंठेवारीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. शेताचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकले गेले, ज्याला जिथे तुकडा मिळाला तिथे त्याने घर बांधले, अशी ती वसाहत. सर फळ्यावर तिचा नकाशा काढून फिल्म शिकवत. ‘कुलकर्णीबाईंच्या सेक्टरात एकेक अणू मोजून लावलाय. रस्ता सरळ, गटार सरळ, माणसं पण सरळ. आमच्याकडं दुष्काळात गावंच्या गावं आली. पैठणकडची चार घरं, आंबडकडची सहा. गावात जशी शेजारी होती तशीच इथं उतरली. मधी ह्या पोकळ्या.’ ते खडूने पोकळ्या रंगवत. ‘आपल्या फिल्मच्या पोकळीत वायू शिरतो म्हणून तिचा सेन्सर व्हतो. आमच्या पोकळीत महापालिकेचा नळ पण शिरंना.’

मुले हसत. मीही हसे. हे उदाहरण मी माझ्या प्रबंधात, वसाहतीचे नाव काढून टाकून, वापरले आहे.

प्राध्यापकांच्या खोलीत सर नसले की वेगळे हसू असे. ‘शिंगाड्यांना कळपाशिवाय काही सुचतच नाही,’ देशपांडे म्हणत. ‘रक्तातच आहे ते.’ सर धनगराच्या घरातले, हे सर्वांना माहीत होते आणि कोणीही ते विसरू देत नव्हते. सरांच्या घरी कोण आहे, हे मात्र कोणी विचारले नव्हते. मीही नाही. त्यांच्या घरचा फोन कधी आल्याचे मी ऐकले नव्हते आणि त्यावरून मी निष्कर्ष काढला होता, की घर नाही.

आमचे यंत्र सरांनी स्वतः उभे केले होते. चिकलठाण्यातल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारातून त्यांनी पंप, नळ्या आणि झडपा निवडून आणल्या होत्या. निर्वात तयार करणारा मुख्य पंप आत तेल उकळून चालतो, म्हणून त्याच्या अंगाभोवती सतत थंड पाणी फिरवावे लागते. विभागाच्या मागे त्यासाठी पाचशे लिटरची टाकी होती. बोअरचे पाणी चालत नसे. त्याने नळ्यांत क्षार धरतात. गोडे पाणीच लागे. आणि ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी गोडे पाणी हीच शहरातली सर्वांत दुर्मीळ वस्तू होती. नळ आठव्या-दहाव्या दिवशी येई. जालना रोडवर नव्या इमारतींच्या जाहिराती लागत होत्या आणि त्यांच्या खालून टँकर धावत होते.

त्या उन्हाळ्यात मी एक फिल्म केली. ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढून काढला, स्वच्छ पाठ वर आली, तुकडा यंत्रात बसवला. सर वर्गावर गेलेले होते. फिल्म पूर्ण व्हायला पंधरा मिनिटे उरली असताना पाण्याच्या मोटारीचा आवाज बदलला. टाकीचा तळ लागला होता. नियम असा, की तत्क्षणी सर्व बंद करायचे. मी बंद केले नाही. पंधरा मिनिटे पंप तसाच तापू दिला, फिल्म पूर्ण केली आणि नोंदवहीत लिहिले: पाणी सुरळीत.

पुण्याहून त्या फिल्मची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे आली तेव्हा माझा विश्वास बसेना. फांद्या नाहीत, बेटे नाहीत. प्रत्येक पुंजका सुटा, सारख्या आकाराचा, सारख्या अंतरावर, एखाद्या शिस्तीच्या शाळेतल्या कवायतीसारखा. असे सुटे कण मिळावेत म्हणून लोक वर्षानुवर्षे धडपडतात. मी ती चित्रे परदेशातल्या एका प्रयोगशाळेला पाठवली. उत्तर आठवड्यात आले: याच पद्धतीने केलेली आणखी एक फिल्म महिनाअखेरपर्यंत दाखवा, जागा तुमची.

सरांनी ती चित्रे खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

‘हे बसलेले नायत,’ ते म्हणाले. ‘हे अडकलेत.’

‘कशात?’

‘तेलात. पंप तापला की तेलाची वाफ उलटी वर चढती. ग्रॅफाइटवर तिचा पातळ चिकटा बसतो. मंग पुंजका उतरतो तिथंच पाय रुतून उभा. त्याला फिरायचं आसतंय, पण फिरता येत नाय.’ त्यांनी चष्मा काढला. ‘त्या दिवशी पाणी किती वेळ बंद व्हतं?’

‘बंद नव्हतेच, सर.’

‘वहीत काय लिवलंय?’

‘सुरळीत.’

‘मंग सुरळीतच आसंल,’ सर म्हणाले. त्यांनी चित्रे माझ्या हातात परत दिली. ‘पुन्हा करा. दुसऱ्यांदा आशीच आली, तर शोधनिबंधावर पयली सही माझी. तवर नाय.’

मला मत्सराचा वास आला. जो माणूस पंचवीस वर्षे फांद्याच मोजत बसला, त्याला शिष्येने काढलेले सुटे कण कसे सोसावेत, असे मी मैत्रिणीला सांगितल्याचे आठवते. एका बाजूला मला हेही आठवत होते, की मोटारीचा आवाज बदलला होता. परंतु मनुष्य एकाच वेळी दोन गोष्टी जाणू शकतो आणि त्यांपैकी सोयीची तेवढी वापरू शकतो, हे मला त्या उन्हाळ्यात समजले.

विभागाच्या वाट्याचा टँकर यायला दहा दिवस लागले. शनिवारी टाकी काठोकाठ भरली. महिना संपायला आठवडा उरला होता. सोमवारी सकाळी सुरुवात करायची, असे सरांनीच ठरवले. सोमवारी मी सात वाजता पोहोचले. टाकीवर बोटांनी ठोकले. पोकळ वाजली.

सर आधीच आलेले होते आणि टाकीच्या सावलीत उभे होते.

‘गळाली,’ ते म्हणाले.

‘खालची फरशी कोरडी आहे, सर.’

‘ऊन लई हाये, बाई.’

‘पाचशे लिटर? एका रविवारात?’

‘उन्हाळा हाये,’ सर पायांकडे बघत म्हणाले. खोटे बोलायचा सराव नसलेल्या माणसाची ती कामगिरी मी तटस्थपणे पाहिली आणि तिथूनच कार्यालयात गेले.

माझी तक्रार दोन पानांची होती. तिची मांडणी चांगली होती. मी मांडणीत कधी कमी पडत नाही. पाण्याची हेळसांड, मार्गदर्शकाची अनास्था, विद्यार्थिनीचे नुकसान. दुसऱ्या पानावर ‘गेली काही वर्षे सरांचे एकूण वर्तन’ या शीर्षकाखाली मी दार वाजवायला लावण्याची शिक्षा घातली, सासरचा प्रश्न घातला आणि सतरंजीही घातली. विभागप्रमुखांनी वाचता वाचता मान डोलावली. ‘हे कोणी तरी लिहायलाच हवं होतं,’ ते म्हणाले.

दुपारी पहारेकरी शेखचाचा मला पायऱ्यांवर भेटले. टाकी दुरुस्त करायला कोण येणार आहे, असे मी त्यांना विचारले.

‘टंकी कायकू दुरुस्त करते, मॅडम? टंकी लीक-वीक कुछ नै हुई.’ त्यांनी विभागामागच्या उताराकडे हात केला. ‘मेंढियाँ पी गए. दो दिन से बैठे हैं उधर. सर खुद पाइप लगाके पिलाए. मैं बोला, सर, सोमवार को मॅडम का काम है. बोले, हौ, मालूम है मेरेकू.’

मी उतारावर गेले. माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण शंभरएक मेंढ्यांच्या पोटात होते, आणि त्या मेंढ्या कुंपणाच्या भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. मी उभी राहिले. अभ्यास झालेली नजर स्वस्थ बसत नाही. चार-सहा मेंढ्या एकमेकींना खेटून, डोकी एकमेकींच्या पोटाखाली घालून बसलेल्या. थोडे अंतर सोडून दुसऱ्या सात-आठ. एक सुटी मेंढी उन्हात फिरत होती. ती एका घोळक्याला भिडली आणि तिथेच बसली. घोळक्यांना फांद्या होत्या. फांद्यांच्या मध्ये पोकळ्या होत्या. हुबेहूब आमची फिल्म, सूक्ष्मदर्शकाशिवाय. सतरंजी, गुंठेवारी, बैठका, बसथांबे. सरांनी हजार उदाहरणे दिली होती. हे एक उदाहरण त्यांनी कधीही दिले नव्हते.

निघण्याची तयारी चालली होती. एक बाई घोड्यावर भांडी बांधत होती. फेट्यातला एक म्हातारा दोर आवळत होता. शिंगाडे सर पलीकडे उभे होते, हात मागे बांधून. आणि म्हाताऱ्याचे नाक सरांसारखेच होते, मानही सरांच्या मानेसारखीच जरा डावीकडे कललेली.

‘भावजी,’ बाई म्हणाली, ‘दोन रोज ऱ्हायलो. एक डाव तरी बसून आमची भाकर खायची व्हती.’

त्याच क्षणी म्हाताऱ्याला मी दिसले. तो बाईकडे वळून दबक्या आवाजात ओरडला, ‘साहेब म्हण, साहेब! त्यांच्या हाताखाली शिकनारी मानसं हायेत हितं.’

बाईने पदर पुढे ओढला. ‘साहेब,’ ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते काही बोलतील. ते बोलले, ते म्हाताऱ्याशी, आणि वर्गातल्या आवाजात.

‘शेंद्र्याच्या अंगानं जाऊ नका. तिकडं समदीकडं तारा ठोकल्यात. वरल्या डोंगराकडून काढा.’

‘व्हय साहेब.’ म्हाताऱ्याने घोड्याचा कासरा धरला. मग तो अडखळला. ‘तुमच्या कामाचं पानी पेलं आमच्या जितराबानं. तुमाला कुनी काय म्हनायचं न्हाई न्हवं?’

‘कोण म्हणतंय? माझीच टाकी हाये.’

माझी दोन पाने तेव्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून पाच तास झाले होते.

मेंढ्या उठल्या. धूळ खाली बसेपर्यंत सर तिथेच होते. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘कुलकर्णीबाई, टाकी गळाली नाय.’

‘माहीत आहे, सर.’

मला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, मोटार त्या दिवशी पंधरा मिनिटे कोरडी फिरली होती. दुसरी, मी सकाळी काय लिहून दिले होते. मी विचारले, ‘पुढचा टँकर कधी येईल?’

तो महिनाअखेरनंतर आला. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. यंत्राची किल्ली सरांकडून काढून घेतली गेली आणि विभागप्रमुखांनी ती माझ्याकडे दिली. पावसाळ्यानंतर, पाणी मुबलक झाल्यावर, मी ती फिल्म अकरा वेळा केली. अकराही वेळा फांद्या आल्या. बाराव्या वेळी, शेवटची पंधरा मिनिटे उरली असताना, मी स्वतःच्या हाताने पाणी बंद केले. कण सुटे आले, सारख्या अंतरावर, शिस्तीत उभे. ते चित्र मी कोणालाही दाखवलेले नाही. सर आता फक्त पहिल्या वर्षाचे तास घेतात आणि मला मार्गिकेत भेटले की ‘काय बाई’ म्हणून पुढे जातात. जेव्हा मला सांगावेसे वाटते, तेव्हा त्यांचा तास असतो.

माझ्या तक्रारीवर सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. तक्रारीनंतर चौथ्याच दिवशी कार्यालयातल्या पाठकांनी मला बोलावले होते. तक्रारदाराने खुलासा पाहिल्याची सही लागते. सरांचे अक्षर लहान आणि सुटे सुटे. सतरंजीबद्दल, दाराबद्दल एक शब्द नव्हता. एवढेच होते:

‘तक्रारीत नमूद केलेली टाकी गळालेली नाही. तीमधील सर्व पाणी मी माझे सख्खे थोरले बंधू श्री. सुदाम शिंगाडे यांना त्यांच्या मेंढ्यांकरिता दिले. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’

मी सही केली. पाठकांनी कागद ओढून घेतला आणि चुकचुकले.

‘मी त्यांना सांगत होतो, मॅडम. “जनावरांस पाजले” एवढं लिहा, भूतदया म्हणून सुटून जाल. सख्खे, थोरले, हे कशाला? नातेवाइकाला सरकारी पाणी दिलं म्हटलं की प्रकरण वाढतं. नात्याचा रकाना तरी आहे का यात? मी तर पेनसुद्धा पुढे केलं. म्हटलं, सर, तेवढे दोन शब्द खोडा.’

‘मग?’

‘ऐकेनात. म्हणाले, राहू द्या, पाठकसाहेब. थोरल्याला वाचाया येत नाय.’